बंद दाराचं डिक्टेशन

नवं राज्य झालं तेव्हा रायपूरला कार्यालयं जास्त आणि सरकारी इमारती कमी, अशी गत होती. आमचं संचालनालय एका भाड्याच्या बंगल्यात थाटलं होतं. स्वयंपाकघरात आवक-जावक शाखा, ओट्यावर टपालाची रजिस्टरं. भोपाळहून आलेल्या फायली लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून व्हरांड्यात रचलेल्या. साहेबांचं दालन म्हणजे मागची बेडरूम. तिला एकच खिडकी, तीही एसी बसवताना प्लायवूड ठोकून बंद केलेली.

मी तिथे स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी ते शॉर्टहँडच्या रेघांत उतरवायचे आणि मग टाइप करून आणायचे. आमगावच्या मराठी शाळेत शिकून मी गोंदियाला बी.ए. आणि हिंदी शॉर्टहँड केलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाबा रेल्वेत गँगमन. 'पोट्टी राजधानीत साहेबाजवळ बसते,' हे त्यांनी त्यांच्या सगळ्या गँगला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी साहेबांनी एसीसाठी दार ओढून घेतलं आणि एका लांब पत्राचा मजकूर सुरू केला. दुसऱ्या परिच्छेदात माझं काळीज असं धडधडायला लागलं, की ते साहेबांना ऐकू जाईल असं वाटलं. बोटं बधिर झाली. आता श्वास बंद होणार, मी इथेच पडणार, हे मला इतकं पक्कं कळलं की मी वही टाकून पळाले आणि थेट स्वयंपाकघरातल्या नळाशी जाऊन उभी राहिले.

"गैस चढ़ गे हे, दीदी," आमचा म्हातारा शिपाई म्हणाला.

चौबे कॉलनीत मी ज्या काकूंकडे खोली घेऊन राहत होते, त्या वर्ध्याकडच्या. त्यांचंही तेच. "गॅसच हाय व पोरी. सकाळी उपाशीपोटी ऑफिसात पळतेस, मंग काय होईन?" मीही मानलं. चार महिने मी ओवा आणि काळं मीठ खाल्लं, पर्समध्ये हिंगाच्या गोळ्या ठेवल्या, वांगं आणि हरभऱ्याची डाळ सोडली. आमच्याकडे छातीत दुखो, डोकं गरगरो की हात कापो, सगळ्याला गॅस हे एकच उत्तर. झटके काही थांबले नाहीत. मग मी साहेबांच्या दाराशी एक बस्ता ठेवायला लागले, म्हणजे दार पूर्ण मिटत नसे.

"ये बस्ता यहाँ क्या कर रहा है?" साहेबांनी एकदा विचारलं.

"सर, भोपाल वाला है. छाँटना है."

"महीने भर से छाँट रही हो?"

नोकरी पक्की व्हायला वेगाची परीक्षा द्यावी लागे. संधी दोनच. पहिल्या परीक्षेला आवाज नको म्हणून खोलीचं दार लावलं. तिथे बस्ता ठेवता येत नव्हता. मी अर्ध्यातून उठून बाहेर आले. एक संधी गेली.

त्यानंतर मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टरबाईंनी ती पाहून टेबलावर ठेवली. "दिल एकदम ठीक है आपका. गैस भी नहीं है. ये घबराहट का दौरा है." त्यांनी मला मानसिक रोग विभागात पाठवलं. काकूंना कळल्यावर त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोनाले सांगू नको बाप्पा. तुयं लगन व्हायचं हाय."

मला मात्र बरं वाटलं. त्या आजाराला नाव होतं, तो इतरांनाही होत होता. तिथल्या डॉक्टरांनी काही आठवड्यांची औषधं दिली आणि सांगितलं, की झटका चढतो, टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. पळालं तर भीती हेच शिकते, की पळालो म्हणून वाचलो. तेव्हा पळायचं नाही. आणि त्या वेळी मनात जे येईल ते नंतर कागदावर लिहायचं.

नंतर कशाला? मी स्टेनो होते.

काकूंच्या बाथरूमला खिडकी नव्हती. रोज ऑफिसातून आल्यावर मी आतून कडी लावून उलट्या बादलीवर वही घेऊन बसायला लागले. भीती बोलायला लागली, की मी लिहायचे. हिंदीच्या रेघांत मराठी भीती बसवताना तारांबळ उडायची. पण क्लासमध्ये सरांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. बोलणारा खरं बोलतो की खोटं, हे स्टेनोने पाहायचं नाही. तिने लिहायचं. साहेब ओरडले तरी हात थांबू द्यायचा नाही.

"काय व, झोपली काय आत?" काकू दार वाजवायच्या.

"आली काकू, दोन मिनिटं."

"रोजची दोन मिनिटं! नळ तर वाजून नाही राहिला."

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी ती पानं ऑफिसच्या टाइपरायटरवर उतरवून पाहिली. 'आता श्वास बंद होणार. आता पडशील. सगळे पाहतील.' खाली पुन्हा तेच. पानभर तीनच वाक्यं. इतकं कंटाळवाणं डिक्टेशन साहेबांनीही कधी दिलं नव्हतं. मी एकटीच हसले.

त्याने सगळं सरळ झालं असं नाही. बाथरूममधूनही मी कितीदा तरी पळून बाहेर आले. दुसरी परीक्षा आठ दिवसांवर आली, तेव्हा पुन्हा झोप उडाली. रविवारी बाबांचा फोन आला. ते स्टेशनसमोरच्या पीसीओतून काकूंच्या घरी फोन करायचे. आजारपणाचं मी त्यांना मागेच सांगितलं होतं.

"मन लागते ना तुले?"

"बाबा, मले परत यावंसं वाटून राहिलं."

त्यांच्या मागे मालगाडीचा आवाज येत होता.

"ये. पन परीक्षा देऊन येशील का न देता?"

"काहून?"

"देऊन आली तरी मी स्टेशनावर घ्याले येईन, न देता आली तरी येईन. पन देऊन ये."

परीक्षेच्या सकाळी मी पोटभर पोहे खाल्ले. खोलीत भोपाळहून आलेले एक वयस्कर गृहस्थ मजकूर वाचायला होते, जुने स्टेनो. त्यांनी स्वतः दार लावलं. मी बसले. दुसऱ्या परिच्छेदाला काळीज उसळलं, बोटं थंड पडली, आणि ती नेहमीची तीन वाक्यं सुरू झाली. मी दाराकडे पाहिलं नाही. सवयीने हात चालतच राहिला आणि मजकुराच्या मधोमध त्याने लिहिलं, 'आता पडशील.' परीक्षकांचे चार-पाच शब्द तेवढ्यात निसटले. पण पेन्सिल थांबली नाही. पुढचा शब्द आला, तो मी पकडला, मग त्याच्या पुढचा. वाचन संपेपर्यंत मी खुर्चीत होते.

टाइप केलेल्या कागदासोबत शॉर्टहँडची वहीही द्यावी लागते, हे मी विसरले होते. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि एका रेघेवर थांबले.

"ये क्या लिखा है, बेटा? ये तो मैंने नहीं बोला."

"नहीं सर. आपने नहीं बोला. मुझे घबराहट होती है. वो बोलती है, तो हाथ लिख देता है."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली.

"जो बोला नहीं गया, उसको काट दो. और दस्तखत करो."

सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिथे आपली छोटी सही करावी लागते. मी 'आता पडशील'वर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली.

निकाल उशिरा आला. मी पास झाले आणि पुढे पुष्कळ वर्षं ती नोकरी केली. पण परीक्षेनंतरच्या त्या शनिवारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी गाडीने आमगावला उतरले. बाबा फलाटावर उभे होते, ड्युटीच्या कपड्यांतच. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"देऊन आली?"

"देऊन आली. दार बंद होतं, बाबा. पन मी उठली नाही."

"हव," ते म्हणाले आणि चालायला लागले. पुलाच्या जिन्यापाशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. "मंग रायपूरले जायची सोमवारची पहिली गाडी कोनती हाय, पाहून घेऊ काय आताच?"