आमटीवरचं खुरासणीचं तेल

आई गेली आणि पाठोपाठ आबांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठल्यावर मी त्यांना पेठजवळच्या गावातून नाशिकला, इंदिरानगरच्या माझ्या घरी आणलं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आजार गेला, पण माणूस जेवेना. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि आता शरीर साथ देईलच असं नाही. आबा आमटी हुंगायचे आणि ताट सरकवायचे. "वास कुठं हाय हिला?"

त्यांना हवं होतं खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं तेल, उडदाच्या आमटीवर वरून कच्चं सोडलेलं. जन्मभर तेच खाल्लेलं. गावाकडे निरोप धाडला तर कळलं, खुरासणी पेरायची लोकांनी सोडली आणि घाणाही बंद पडला. नाशिकच्या दुकानांत सूर्यफूल, सोयाबीन, पाम, सगळं पिशवीतलं आणि बिनवासाचं. एका दुकानदाराने तर मला केसांचं तेल दाखवलं. मी त्याच्यावर नको इतकी उखडले आणि बाहेर येऊन रडले.

मग शेंगदाण्याचं दिलं, तिळाचं दिलं, मोहरीचंही आणलं. मोहरीच्या वासाने त्यांनी जे तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. माणूस मरायला टेकलाय आणि नखरे तेलाचे, असं मनात यायचं आणि त्याच विचाराने घाबरून मी पुन्हा तेल शोधायला निघायचे.

शेवटी चटणीसाठी विकतात ती खुरासणी आणली. भाजली, मिक्सरमध्ये वाटली, गरम पाण्याचा हबका मारून मळली आणि फडक्यात बांधून जीव खाऊन पिळली. जेमतेम चमचाभर तेल सुटलं. ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळून आमटीवर सोडलं.

आबांनी एक घास घेतला. "हे ते नाय," म्हणाले आणि ताट सरकवलं.

मी स्वयंपाकघरात येऊन फरशीवर मटकन बसले. आता काय करायचं ते मला खरंच कळत नव्हतं. फडक्यातला चोथा कचऱ्यात टाकणार, तोच आबा भिंत धरत आत आले.

"पेंड हाय ना ती? टाकू नको. गूळ दे."

लहानपणी घाण्यावर त्यांना गरम पेंड मिळायची म्हणे, गुळाबरोबर. माझ्यासमोर बसून त्यांनी फडकं सोडलं आणि एक गोळा गुळाला लावून सावकाश चावून खाल्ला. मग आणखी एक. पुढचा गोळा त्यांनी माझ्यासमोर धरला.

"खा. मी जेवत नाय म्हणून तू बी जेवत नाय. मला काय दिसत नाय का?"