चिंचेला सांगितलेली नावं

देसदेरी न्स्विमा सफारीची आखणी अंगणात, जमिनीवर करतो. आधी अंगण झाडतो, मग काठीनं नदीची रेघ ओढतो. डोह असतील तिथे दगड ठेवतो आणि मुक्काम करायचा तिथे मक्याचा दाणा. कंपनीच्या कचेरीत छापील नकाशे आहेत, पण ते पाहुण्यांना दाखवायला.

"ए फिपा, तुझ्या कोंबडीनं दुसरा मुक्काम खाल्ला," मिहायो ओट्यावरून ओरडतो. "पाहुण्यांना कळव, त्या दिवशी कोंबडीच्या पोटात झोपायचंय."

"तू आपली पातेली घास. ओझी वाहणाऱ्यांच्या जातीला वाटेची अक्कल कधीपासून आली?"

"वीज पाडून माणसं मारणाऱ्यांपेक्षा ओझी वाहणारे बरे."

मिहायो सफारीचा स्वयंपाकी. तो न्यामवेझी, देसदेरी फिपा. या दोन जमाती एकमेकांच्या म्तानी, म्हणजे थट्टेचे सोयरे. म्तानीनं काहीही बोलावं, ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. घरात मरण आलं की खड्डा खणायला म्तानीच येतो. मेलेल्याची टिंगल करतो, खड्ड्यात आडवा होतो आणि काहीतरी हातावर पडल्याशिवाय उठत नाही. रडणाऱ्या माणसांना हसावं लागतं. त्याशिवाय मेलेला माणूस खरोखर गेला, असं आमच्याकडे कोणी धरत नाही.

देसदेरी वरच्या पठारावर जन्मला. तरुणपणी शिकाऱ्यांच्या तांड्यात तंबू वाहिले, मग राष्ट्रीय उद्यानात रक्षक झाला, मग म्पांडा गावच्या एका लहान कंपनीनं त्याला सफारी आखायला ठेवून घेतलं. आमचं उद्यान रस्त्याला लागून नाही. पावसाळ्यात काळी माती गाडी गिळते आणि कोणी आत जात नाही. कोरड्या दिवसांत नदी आटत आटत डोहांवर येते, सगळे पाणघोडे त्या डोहांत दाटीनं बसतात आणि मगरी काठाच्या बिळांत शिरतात. पाहुणे येतील त्या आठवड्यात पाणी कुठे असेल, हे आधी ओळखणं म्हणजे आखणी. उरलेलं सोपं असतं. तंबू पाणघोड्यांच्या वाटेवर नको, धूर झोपण्याच्या जागेकडे नको, आणि निळे-काळे कपडे नकोत, कारण त्से-त्से माशी त्या रंगांवर तुटून पडते.

आखणी झाली की चिंचेकडे जायचं. उद्यानाची वाट जिथे झाडीत शिरते, तिथे ती एकटी उभी आहे. आत जे कोणी राहतं त्याला निरोप तिथून पोचतो. चिमूटभर पीठ, थोडी तंबाखू ठेवायची आणि येणाऱ्यांची नावं मोठ्यानं सांगायची. कोण, कोणाचा मुलगा, कशासाठी येतोय. जो सांगितला तो आला पाहिजे. नाही आला तर त्याची जागा आत राखून ठेवली जाते. आणि त्या जागेवर दुसरा कोणी न सांगता बसला, तर तो त्यांनी बोलावलेला माणूस ठरतो.

हे देसदेरीला लहानपणापासून माहीत होतं. तरी एका वर्षी त्यानं ते केलं. गाडीचा ड्रायव्हर सांगितलेला होता. ऐन सकाळी त्याला ताप भरला. विमान उतरलं होतं, पाहुणे उन्हात उभे होते. देसदेरीनं आपल्या धाकट्या भावाला, फुल्गेन्सला, चाकावर बसवलं. चिंचेपाशी उतरून थांबायला वेळ नव्हता. येताना सांगू, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फुल्गेन्स नदीच्या वळणावर पाणी आणायला गेला. तिथे कॅन सापडला. काठावर सरळ उभा, पाण्यानं भरलेला, झाकण घट्ट लावलेलं. चिखलात झटापटीची खूण नव्हती. पाऊस येईपर्यंत शोधलं.

प्रेत नाही म्हणून खड्डा नाही, आणि खड्डा नाही म्हणून मिहायोला काही करता आलं नाही. तेव्हापासून देसदेरी चिंचेच्या पुढे गेला नाही. आत काय बदललं ते परतणाऱ्या रक्षकांना विचारून तो जमिनीवर उतरवतो. त्या वळणावर मोठा डोह आहे. तिथे तो दगड ठेवत नाही, आणि का ठेवत नाही ते कोणी विचारत नाही.

या हंगामात नॉर्वेहून एक म्हातारं जोडपं येणार होतं, हेडविग आणि टोर्केल. वाट वाळल्याबरोबर देसदेरीनं दोघांची नावं चिंचेला सांगितली. पुढे कचेरीत निरोप आला की टोर्केल वारला, पण बाई येतेय, आणि आखणीत काही बदलू नये असं तिचं म्हणणं आहे. रिकाम्या जागेवर कंपनीनं युस्तिनाला घातलं.

युस्तिना देसदेरीची मुलगी. वाटाड्याचं शिक्षण घेऊन आलेली, इंग्रजी उत्तम. ती पळतच घरी आली.

"बाबा, मला आत पाठवतायत! पाहुणीची वाटाडी म्हणून!"

"बसणार कुठे?"

"बसणार म्हणजे? गाडीत. मागे, तिच्या शेजारी."

देसदेरीनं हातातली काठी खाली ठेवली. "नाही जायचं."

"या खेपेला नाही म्हटलं तर मला परत बोलवायचे नाहीत. तुम्हाला माहितीय ते."

"मग घरी राहा."

"घरी राहून काय करू? तुमच्या कोंबड्या हाकलू? इतकी वर्षं तुम्ही माणसं आत पाठवता. मी माणूस नाही?"

"ती जागा मेलेल्याची आहे, युस्तिना."

"मला सगळं माहितीय. कॅन माहितीय, झाकण माहितीय. या घरात दुसरं काही बोललं जातं का?"

देसदेरी आत गेला. जेवायला उठला नाही. दुसऱ्या दिवशी मिहायो आला तेव्हा बापलेक अंगणाच्या दोन टोकांना बसले होते.

"कोण मेलं?" मिहायोनं विचारलं. "मला सांगायचं तरी. मी खणायला येतो."

युस्तिनानं सांगितलं. मिहायोनं डोकं खाजवलं.

"दिलेलं नाव परत मागता येतं. ते आमचंच काम. मेलेल्याला शिव्या घालून जागेवरून उठवायचा. पण या गोऱ्याला मी पाहिलेला नाही. ज्याची खोड माहीत नाही त्याची टिंगल काय कपाळ करू?"

"पाहुणीला विचारते," युस्तिना म्हणाली.

"विधवेला नवऱ्याच्या खोडी विचारणार तू?" देसदेरी म्हणाला.

"मग कोणाला विचारू? आपल्याकडे तिलाच विचारतात."

हेडविग उंच, पाठीत थोडी वाकलेली बाई. विमानातून उतरली ती निळा शर्ट घालून. युस्तिनानं आधी तो बदलायला लावला. मग ताडपत्रीखाली चहा देऊन तिला सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. बाईनं कप खाली ठेवला. मिहायो लांब उभा राहून कुजबुजला, "रडली तर माझं नाव सांगू नकोस."

ती रडली नाही. ती सांगू लागली आणि युस्तिना आमच्या भाषेत सांगत गेली. टोर्केल स्वतःच्या विनोदावर विनोद संपायच्या आधी हसायचा. बटाट्याची सालं इतकी जाड काढायचा की अर्धा बटाटा सालातच जायचा. रस्ता चुकला की कोणाला विचारायचा नाही. या सफारीबद्दल लग्नापासून बोलत होता आणि दर वर्षी पुढल्या वर्षी म्हणत होता.

"अजून?" मिहायो जवळ सरकला. "घोरायचा का?"

बाईनं करवतीसारखा आवाज काढून दाखवला. मिहायो खूश झाला.

चिंचेखाली मिहायोनं आधी चपला काढल्या. मग कमरेवर हात ठेवून तो झाडावर ओरडला, "ए टोर्केल! बटाटेचोरा! जन्मभर पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी केलंस, आणि आता आम्ही जागा झाडून ठेवली तर मेलास होय रे? तिकिटाचं काय? घोरून घोरून बायकोचे कान फोडलेस, आता आतल्या लोकांची झोप मोडणार? ऊठ तिथून! वाट चुकली असेल तर विचार की कोणाला! नाव टाक इकडे!" आणि तो मुळांच्या मध्ये हातपाय पसरून आडवा झाला.

"आता काय करायचं?" हेडविगनं युस्तिनाला विचारलं.

"त्याला काहीतरी द्या. नाहीतर उठणार नाही."

बाईनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. मिहायोनं पडल्या पडल्या एक बिस्किट खाल्लं, दुसरं मागितलं आणि मग उठला. बाई हसत होती आणि चष्म्याखालून डोळे पुसत होती.

"दिलं का त्यानं नाव?" देसदेरीनं विचारलं.

"मी काय पोस्टमन आहे? मी मागितलं. देणारा तो."

आता फक्त युस्तिनाचं नाव सांगायचं राहिलं होतं. देसदेरीनं वाकून पीठ ठेवलं.

"युस्तिना," तो म्हणाला. "देसदेरीची मुलगी. वाट दाखवायला येतेय." मग त्याच आवाजात, "देसदेरी. लेओनचा मुलगा."

स्वतः कशासाठी येतोय ते त्यानं सांगितलं नाही. गाडीजवळ जाऊन तो मागच्या बाकावर, हेडविगच्या शेजारी, रिकाम्या जागी बसला.

"बाबा, ती—"

"तू पुढे बस. ड्रायव्हरपाशी."

आत सगळं आखल्याप्रमाणे झालं. डोह तिथेच होते, जिथे देसदेरीनं दगड ठेवले होते. पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकून चिखलात बसले होते. रानम्हशींचे कळप दुपारभर पाण्याला येत राहिले. युस्तिना बोलत होती, बाई विचारत होती. जेवताना देसदेरी नदीकडे तोंड करून बसायचा आणि कोणी पाण्याकडे निघालं की हातातला घास खाली ठेवायचा.

वळणावरचा डोह हेडविगलाच दिसला. एवढं पाणी असून इथे का थांबत नाही, असं तिनं विचारलं. युस्तिनानं मागे वळून बापाकडे पाहिलं. मग तिनं गाडी थांबवायला लावली.

डोहात एकही पाणघोडा नव्हता. काठावरून पाण्याकडे एक वाट उतरत होती. पाणघोड्याच्या वाटेला दोन चाकोऱ्या पडतात, मध्ये गवताची शेंडी राहते. या वाटेला एकच चाकोरी होती, पावलाएवढी रुंद, रोज कोणी जातंयेतं अशी गुळगुळीत. युस्तिनानं ती पाहिली. देसदेरीनंही पाहिली.

"इथे उतरायचं नाही," तो म्हणाला. तिनं वाद घातला नाही.

नंतर रक्षकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, चोरून मासे धरणारे येत असतील. असतील.

परतताना चिंचेपाशी देसदेरीनं गाडी थांबवायला सांगितली. युस्तिना धडधाकट बाहेर आली होती, त्याला घरी जायची घाई असायला हवी होती. तो खाली उतरला आणि मिहायोलाही उतरायला लावलं.

"आता त्याचंही नाव माग," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"कोणाचं ते तुला कळलंय."

मिहायोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "फिपा, तू ते नाव कधी दिलंच नाहीस. न दिलेलं परत काय मागू?"

देसदेरीजवळ पीठ उरलं नव्हतं. त्यानं मिहायोच्या डब्यातून मक्याच्या पिठाच्या उगालीचा थंड गोळा घेतला आणि मुळांपाशी ठेवला. तंबाखू ड्रायव्हरनं दिली.

"फुल्गेन्स," तो मोठ्यानं म्हणाला. "लेओनचा मुलगा. माझा भाऊ. गाडी चालवायला आलाय. मी पाठवलाय." मग बाजूला झाला. "बोल आता."

मिहायोनं कमरेवर हात ठेवले. सगळ्या जमातींच्या मयतांत ज्याचं तोंड चालतं, त्याला पहिला शब्द सापडेना. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या त्यानं काढल्या.

"ए फुल्गेन्स," अखेर तो म्हणाला, नेहमीपेक्षा बराच हळू. "ए लंबूटांग्या. एक कॅन पाणी आणायला किती वेळ लावतोस रे? उगाली करपली. आम्ही सगळे तहानेनं म्हातारे झालो..."

गाडीत हेडविगनं युस्तिनाच्या खांद्याला हात लावला. "हा आता कोणाला ओरडतोय?"

"माझ्या काकाला."

"तो कुठेय?"

युस्तिनानं झाडाकडे बोट केलं. मग नदीच्या दिशेला वळवलं. मग हात मांडीवर ठेवला आणि मिहायोचं होईपर्यंत ती समोर बघत बसली.