नऊ पॉइंट आठ

त्याला शाळेत सगळे 'सर' म्हणत. तोंडावर मीही म्हणायचे, पण मनातल्या मनात मी त्याचं नाव 'तागडी' ठेवलं होतं. त्याच्या वडिलांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. दिवसभर काटे खोलायचे, संध्याकाळी कॉलेजात जाऊन बसायचं, असं करत करत तो शिकला आणि पस्तिशी उलटल्यावर आमच्या शाळेत नववीला भौतिकशास्त्र शिकवायला आला. नखांत अजून काळं ग्रीस असायचं. बूट मात्र रोज पॉलिश केलेले.

मी तेव्हा बावीस वर्षं शिकवत होते, त्यातली एकोणीस दहावीला. दहावीचं भौतिकशास्त्र म्हणजे मी, हे शाळेत सगळे धरूनच चालत. माझी फळा लिहायची पद्धत, माझे रंगीत खडू, माझ्या वर्गातली शांतता यांचे दाखले नवीन शिक्षकांना दिले जात. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हा पठ्ठ्या मात्र फळ्याला फारसा हातच लावायचा नाही. एके दिवशी दुकानातला माणसं वजन करायचा काटा खांद्यावर टाकून घेऊन आला. पोरांना एकेक करून त्यावर उभं केलं आणि म्हणाला, "आता झटकन खाली बसा." बसताना काट्याचा आकडा घसरला. सगळा वर्ग ओरडला, "सर, वजन कमी झालं!" तो म्हणाला, "हो का? मग गेलं कुठं?" आणि उत्तर न देता काटा उचलून निघून गेला. आठवडाभर पोरं जिन्यात, संडासाच्या रांगेत, बसस्टॉपवर उठाबशा काढत भांडत होती. तोच धडा मी फळ्यावर बारा मिनिटांत संपवते, आकृतीसकट. माझ्या बारा मिनिटांवर कधी कुणी भांडलं नाही.

यातलं एक भांडण तर माझ्याच घरात चाललं होतं, कारण माझी लेक त्याच्या वर्गात होती. लहानपणापासून मी तिला पुस्तक घेऊन बसवलं की तिला जांभया यायच्या. आता तीच मुलगी जेवताना सांगायला लागली, "आई, लिफ्ट खाली निघते ना, तेव्हा पोटात कसंतरी का होतं माहितेय?" मला माहीत होतं. तिनं मला विचारलं नव्हतं, ती मला सांगत होती.

"सर म्हणाले का?" मी विचारलं.

"सर काही सांगतच नाहीत. आम्हीच काढलं शोधून."

नवरा म्हणाला, "बरं झालं, कुणाचं तरी ऐकायला लागली." मी भाजीवर झाकण जोरात आपटलं.

दिवाणखान्यात बसून मी स्वतःची समजूत काढायचे, की नवीन आहे, चार दिवसांचा उत्साह आहे, उतरेल. तो काही उतरेना. उलट फेब्रुवारीत मुख्याध्यापिका बाईंनी मला खोलीत बोलावून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दहावी सरांना देऊन बघावी असं मनात आहे. तुमचं काय मत?" मत विचारत होत्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहावी गेली तर त्या शाळेत माझं म्हणून काय उरणार होतं? मी हसून म्हटलं, "तुम्ही ठरवाल ते." घरी जाईपर्यंत माझा जबडा दुखत होता.

आणि मग त्याची चूक माझ्या हातात आयती येऊन पडली.

लंबकाचा प्रयोग दोन्ही वर्गांना असतो. दोऱ्याला गोळी बांधायची, वीस झोके मोजायचे, स्टॉपवॉचवर वेळ बघायची आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा. उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास यायला हवं. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या वर्गाच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा पडला होता. सहज म्हणून वरची उघडली. नऊ पॉइंट तीन. दुसरी, नऊ पॉइंट तीन. तिसरी, नऊ पॉइंट चार. चौथी माझ्या लेकीची होती, तिच्यातही नऊ पॉइंट तीन, आणि त्याखाली याचा शेरा: 'छान मोजलंस. मग अर्धा गेला कुठं?'

बाकीच्याही चाळल्या. चाळीसच्या चाळीस वह्या चुकलेल्या, आणि वर शाबासकी! मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं एकटीच हसले. गठ्ठा उचलला आणि थेट बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. "दहावीला हे असलं चालेल का, तुम्हीच बघा. माझ्या वर्गात गेल्या एकोणीस वर्षांत एकाचंही उत्तर चुकलेलं नाही."

बाई इतिहासाच्या. लंबकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. त्या म्हणाल्या, "शनिवारी दोन्ही वर्गांतली पाच-पाच मुलं माझ्यासमोर करू देत."

शनिवारी प्रयोगशाळेत त्या स्टुलावर बसल्या. शाळेचं ते एकच जुनं चावीचं स्टॉपवॉच होतं, ते आधी माझ्या मुलांना दिलं. माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी दोरा बांधत होती. बाईंनी तिच्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, अजून गोळी लटकली नाही आणि उत्तर लिहून मोकळी?"

मुलगी गोंधळली. तिनं माझ्याकडे बघितलं. "मॅडमनी सांगितलंय ना, नऊ पॉइंट आठच येतं. आधी ते लिहायचं, मग त्यावरून मागे मागे येत सेकंद भरायचे."

पोरीच्या आवाजात लबाडी नव्हती. तिला ही प्रयोगाची रीतच वाटत होती, कारण मी ती रीत म्हणूनच शिकवली होती. वेळ वाचतो, परीक्षेत मार्क जात नाहीत, पालक खूश. बाकीच्या चार वह्यांतही गोळी हलायच्या आधीच उत्तर तयार होतं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

मग त्याच्या मुलांची पाळी आली. आलं नऊ पॉइंट तीन. माझ्या लेकीनं बाईंना विचारलं, "तुमच्या मोबाइलवर एक मिनिट लावता का?" मोबाइल आणि स्टॉपवॉच एकदम सुरू झाले. मोबाइलवर साठ सेकंद झाले तेव्हा स्टॉपवॉच साडेएकसष्टवर होतं. "पुढे धावतं हे!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "काल घरी विचार करताना लक्षात आलं. मोजणारे बरोबर, गोळी बरोबर, मग उरलं कोण?"

घरी विचार केला होता. माझ्या घरी, माझ्या शेजारच्या खोलीत, आणि मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, खरं सांगा. ते झाकायला उत्तर आधी लिहून घेत होता का? हे बिघडलेलं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "नसणार, बाई. इतकी जुनी वस्तू, कुणाच्या लक्षात येणार?"

"नव्हतं माहीत," मी म्हणाले. ते खरंच आहे असं मला वाटत होतं.

बाई स्टुलावरून उठल्या. "मग मी चूक म्हणेन, फसवणूक नाही म्हणणार. पोरांना असं शिकवू नका. दहावी तुमच्याकडेच राहू दे. सोमवारी कागद काढते."

मी जिंकले होते. त्यानं घातलेल्या भिकेवर जिंकले होते, आणि त्यामुळे त्या दिवशी मला तो जितका नकोसा झाला तितका आधी कधीच झाला नव्हता.

सोमवारी सकाळी तो प्रयोगशाळेत मला गाठून उभा राहिला. खिशातून घडी घातलेला पिवळा कागद काढला. "मॅडम, स्टॉपवॉचच्या डबीत अस्तराखाली होतं. अक्षरावरून तुमचं दिसतंय."

निळ्या शाईत बारीक, सरळ अक्षर. 'हे घड्याळ मिनिटाला दीड सेकंद पुढे जाते. सलग पाच दिवस तपासले. मुलांना आलेला आकडाच लिहू द्यावा, दुरुस्ती नंतर शिकवावी.' खाली तारीख. मी नोकरीला लागले त्या वर्षाची. खाली सही, माझी, लग्नाआधीची.

मी ते साफ विसरले होते. पाच दिवस बसून घड्याळ तपासणारी ती पोरगी मीच होते, हेसुद्धा.

"तुम्हाला हे कधी सापडलं?"

"झाले पंधरा दिवस. पोरांना त्यांचं त्यांनाच सापडू दे म्हणून बोललो नाही."

"मग शनिवारी बाईंना का नाही दाखवलं? दहावी तुमची झाली असती."

तो बूट बघत राहिला. "तुमची लेक होती तिथं."

वर्षभर त्याच्यावर जळत होते, पण हातातला तो कागद वाचताना जी आग झाली ती त्याच्यामुळे नव्हती. जिला आकड्याची भीती नव्हती त्या पोरीवर मी जळत होते. तागडी तिच्याच बाजूचा निघाला होता, मीच नव्हते.

घंटा झाली. मी वर्गाकडे न जाता बाईंच्या खोलीत गेले. दहावीच्या कागदावर त्या सही करत होत्या, त्यांचं पेन थांबवलं आणि तो पिवळा कपटा समोर ठेवला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणजे कुणाला तरी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "हे आडनाव इथं कुणाचं नाही. अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.