ओव्याची पुरचुंडी

लेकीला सर्दी झाली म्हणून आज ओवा भाजून रुमालात बांधला, आणि त्या उग्र वासासरशी कोविडचं पहिलं वर्ष आठवलं. आयर्लंडमधल्या कासलबार गावाबाहेरच्या एका बंद हॉटेलात आफ्रिकेतून आलेले निर्वासित ठेवले होते. मी डॉक्टर म्हणून त्यांना तपासायला जायचे.

त्यांच्यातली ब्लेसिंग खोकला दाबून बसायची. आजारी आहे हे कळलं तर आपल्याला मुलीपासून तोडतील, ही तिची भीती. मी घरून नेलेली ओव्याची पुरचुंडी गरम करून तिच्या हातात दिली.

"खरं सांग गं. नाव फक्त औषधासाठी लिहितेय."

हॉटेलच्या मॅनेजरनेच मला तसं सांगितलं होतं, "ग्रँड, डॉक्टर, काही काळजी नको, यादी औषधांपुरतीच."

तिने मास्क खाली करून पुरचुंडी हुंगली, आणि कोंडलेला खोकला एकदाचा बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बस उभी होती. मॅनेजर माझ्याच अक्षरातली यादी वाचून आजाऱ्यांना विलगीकरणात न्यायला एकेक करून बसमध्ये चढवत होता. वर खिडकीत ब्लेसिंगची मुलगी काचेवर हात आपटत होती.

"औषधांपुरती म्हणाला होतात ना!" मी ओरडले.

"वरून ऑर्डर आली, डॉक्टर."

ब्लेसिंगने जाताना पुरचुंडी माझ्या हातात परत ठेवली. गार पडली होती.

त्या मॅनेजरला मी अजून शिव्या घालते. ब्लेसिंगने मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बस वळेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.