पलीकडचा थांबलेला असेल

एजंटकाकांचा ज्या माणसावर सगळ्यात जास्त विश्वास होता, त्याला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पनवेलच्या मोटार स्टँडवर माझ्या सायकलच्या दुकानाला लागून त्यांची टपरी होती. गोव्याच्या हद्दीपर्यंत जाणाऱ्या मोटारी ते सोडत. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, त्यामुळे आपली गाडी नाक्यावरच थांबायची. माणसं ट्रंका उचलून पलीकडे चालत जायची आणि तिथल्या एजंटाच्या गाडीत बसायची. हा एजंट म्हणजे काकांचा ‘पलीकडचा’.

आपल्या गाडीला घाटात कितीही उशीर होवो, उतारू आल्याशिवाय पलीकडचा गाडी हलवायचा नाही. काका ड्रायव्हरच्या हाती त्याला पांढरे कांदे पाठवत, तिकडून कोकमं येत. मी चिडवायचो, आता सोयरीकच जुळवा म्हणून. घाबरलेल्या उतारूला काकांचं एकच सांगणं असे, ‘बिनघोर जा. पलीकडचा थांबलेला असेल.’

हद्द बंद होणार अशी कुजबुज चालू असताना एक बाई तान्हं मूल घेऊन आली. गोव्यात पेडण्याला तिची आई अंथरुणाला खिळली होती. जाऊ की नको, हे तिने काकांनाच विचारलं. काकांनी नेहमीचंच उत्तर दिलं आणि तिला पुढच्या बाकावर बसवलं. गाडी नाक्यावर पोचली त्याच दिवशी हद्द बंद झाली.

ड्रायव्हर इथल्याच आगरी गावातला. परत आल्यावर म्हणाला, ‘मी तिला नाक्यावं उतरवली. ती चालत गेली. पुढचा मना ठाव नाय.’

तेव्हापासून गोव्याकडचा कुणीही भेटला की काका त्या बाईची चौकशी करत. लोक कंटाळले. मीही एकदा वैतागून म्हणालो, पोचली नसती तर परत नसती का आली? काका म्हणाले, ‘माझ्यासमोर कशाला येईल ती?’ मला स्वतःचाच राग आला.

पुढे गोवा मोकळा झाला आणि एक दिवस पलीकडचा स्वतःच आमच्या स्टँडवर उतरला. हातात कोकमांची पुडी. काकांनी त्याला ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. आधी बाईचं विचारलं.

तो म्हणाला, ‘मी थांबलो होतो. शिपायांनी कुणालाच येऊ दिलं नाही. अंधार पडल्यावर गाडी रिकामीच नेली.’

काकांनी चहा मागवला आणि ते त्याचा हात धरून बसून राहिले. दोघांच्याही चहावर साय धरली.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मध्यंतरी नात पहिल्यांदाच परगावी निघाली होती. तिने विचारलं, ‘आजोबा, तिथे कुणी घ्यायला येईल ना?’ मी तिची पिशवी उचलली आणि स्वतःही गाडीत चढलो.