रागात चालवलेली जीप

“स्पायनल कॉर्ड इंज्युरी,” अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले. “म्हणजे पाठीच्या कण्यातून पायांकडे जाणारी नसांची दोरी दुखावली आहे. यांचे पाय परत येतील असं मी सांगू शकत नाही.”

माझ्या कपाळाला दोन टाके पडले होते, एवढंच. जीप चालवत होतो मी आणि पाय गेले ते शेजारी बसलेल्या माझ्या मोठ्या भावाचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी कामरगावला भाड्याची जीप चालवत असे. दादा मानोऱ्याला मास्तर होता. त्या सोमवारी सकाळी त्याला शाळेवर सोडायला निघालो. बहिणीसाठी मी आणलेलं स्थळ त्यानं आदल्या दिवशी मला न विचारता परत पाठवलं होतं. वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, गिअर तेवढा आदळत होतो. डोळे रस्त्यावर आणि मन त्याला काय काय सुनावायचं यात. वळणावर कडब्याचं गाडं आडवं आलं. मला ते दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. जीप नाल्यात उलटली.

“प्याला होतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“डोळा लागला?”

“नाही. राग आलता.”

“तेवढंही पुरतं,” डॉक्टर म्हणाले.

दर दोन तासांनी दादाची कूस बदलायची, नाही तर बेडसोर होतात, म्हणजे पडून पडून पाठीला जखमा होतात. ते काम मी घेतलं. डॉक्टर रोज सकाळी त्याच्या तळव्याला टाचणी टोचून विचारायचे, “कळतं का?” दादा मान हलवून नाही म्हणायचा. मी त्याच्या अंगठ्याकडे टक लावून बघत बसायचो. बंद पडलेलं कसलंही इंजिन मी चालू करत असे. तो अंगठा माझ्यानं हलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात कूस बदलताना दादा म्हणाला, “मले गाडं दिसलं होतं.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तू लई चिडून होता. म्हटलं, बोललो त आनखी भडकशीन.”

चादर हातात धरून मी तसाच उभा राहिलो. नर्सबाईंनी मला बाजूला केलं आणि दादाला वळवलं.

दादा पुन्हा चालला नाही. वर्षभरानं पोटासाठी मी परत स्टिअरिंग धरलं, तेही त्यानंच धरायला लावलं. माझ्यावर तो कधी ओरडला नाही. त्याचे उपकार मी कसे फेडू?

गाडी चालवणाऱ्यांनो, मन तापलं असेल तर झाडाखाली बसा. उशीर होऊ द्या. मला ते नेहमी जमतंच असं नाही. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी शेजारी बसणाऱ्याला मी आधीच सांगतो, “भाऊ, माहं डोकं आज ठिकानावर नाही. काही दिसलं त वरडजा. माह्या तोंडाकडे पाहून चूप बसू नका.”