ओवेनच्या आईचा माल्ट ब्रेड

इथे अमेरिकेत आमच्या स्टेटच्या नॅशनल गार्डमध्ये मी ट्रक कंपनीत सार्जंट होतो. गार्ड म्हणजे अर्धवेळ सैनिक. महिन्यातला एक वीकएंड ड्रिल, उन्हाळ्यात पंधरवड्याचा कॅम्प. बाकीचे दिवस मी हर्नडनच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळायचो. पूर आला, बर्फ पडला, वादळ झालं की गव्हर्नरचा हुकूम यायचा. मग डेटाबेस गेला खड्ड्यात.

मित्र चेष्टा करायचे. "एमएस करून ट्रकवर बसतोस? यार, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी देवळाली कॅम्पात वाढलेला माणूस. वडील तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. सकाळी परेडचा आवाज ऐकून उठायचं, हीच आमची सवय. भारतात सैन्यात जायचं राहून गेलं, इथे ग्रीन कार्ड मिळाल्यावर गेलो. यात शौर्यबिर्य काही नाही.

माझ्या ट्रकवर आम्ही तिघं. मी केबिनमध्ये रेडिओवर. ड्रायव्हर लोपेझ; हुद्दा स्पेशालिस्ट, म्हणजे माझ्या हाताखालची शिपाई. ती एरवी शाळेची बस चालवायची, घरी दोन मुलं. आणि मागे स्पेशालिस्ट ओवेन डन. धंद्याने इलेक्ट्रिशियन, उंच, हाडकुळा, कामाला वाघ आणि बडबडीला त्याहून मोठा वाघ. खैरनार हे आडनाव त्यांच्या जिभेला झेपत नसे, म्हणून मी सगळ्यांचा 'सार्जंट के'.

ओवेनची आई मूळची उत्तर इंग्लंडची. लग्न होऊन इकडे आली. ती दर ड्रिलला मुलाबरोबर एक पाव पाठवायची. पहिल्यांदा ओवेनने फॉइलचं ते जड पुडकं डॅशबोर्डवर आपटलं आणि म्हणाला, "सार्जंट के, कुणी खाणार का हे? माझ्याच्याने खाववत नाही. विटेसारखं आहे."

मी फॉइल उघडलं आणि वास आला. अहो, मी चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घातलेला, आणि मी त्या फॉइलमध्ये नाक खुपसलं. तो माल्ट ब्रेड होता. काळपट तपकिरी, चिकट, मनुकांनी गच्च भरलेला. आमच्या कॅम्पात पेद्रू अंकलची बेकरी होती. गोऱ्या साहेबांच्या काळापासून ते हा पाव करायचे आणि साहेब गेल्यावरही करत राहिले. शनिवारी वडील घेऊन यायचे. सुरीला चिकटतो म्हणून आई ती गरम पाण्यात बुडवून कापायची आणि दर वेळी म्हणायची, "हा पाव आहे की डिंक?" वर लोण्याचा जाड थर. टाळूला असा चिकटायचा की जिभेने खरवडत बसावं लागायचं. मी आणि ताई कडेच्या तुकड्यासाठी अक्षरशः झिंज्या उपटायचो. पेद्रू अंकल गेले, बेकरी गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ही चव जगातून संपली असंच मी धरून चाललो होतो.

त्यानंतर दर महिन्याला तो पाव माझा. ओवेन डॅशबोर्डवर ठेवायचा, मी खायचो. आपण दुसऱ्याच्या आईचं खातोय, तिला निदान एक निरोप तरी धाडावा, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. देवळालीची गोष्ट मात्र मी ओवेनला दहादा ऐकवली असेल.

पुराचा हुकूम आला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. स्टेटच्या पश्चिमेला डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता, ओढे गावात शिरले होते. सकाळी सातला आमचा ट्रक निघाला. आमचे ट्रक उंच, कमरेएवढ्या पाण्यातून जाऊ शकतात. काम सोपं: घराजवळ जायचं, माणसं मागे चढवायची, शाळेच्या जिममध्ये सोडायची. दुपारपर्यंत आम्ही चार फेऱ्या केल्या. खायला वेळ नव्हता. ओवेनच्या आईने त्या दिवशीही पाठवलेलं पुडकं डॅशबोर्डवर तसंच होतं, सकाळी मी त्यातला एकच तुकडा तोडला होता.

पाचव्या फेरीत एक म्हातारं जोडपं पोर्चवर अडकलं होतं. ट्रक आणि पोर्च यांच्यामध्ये अंगण, अंगणात कमरेएवढं पाणी, पण ओढ फार नव्हती.

"कोण उतरतंय?" मी विचारलं.

"माझे पाय सगळ्यात लांब आहेत, सार्जंट," ओवेन म्हणाला.

मी स्वतः त्याचं लाइफ जॅकेट तपासलं, ट्रकला बांधलेल्या दोराचा हुक अडकवला, ओढून पाहिला. तो गेला. आजीबाईंना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. लोपेझने त्यांना वर ओढलं. तो आजोबांना आणायला परत फिरला. त्याच वेळी वरच्या अंगाने एक झाडाचं खोड वाहत आलं. ते ओवेनला लागलं नाही, दोरात अडकलं. खोडाबरोबर दोर खेचला गेला आणि दोराबरोबर ओवेन. खाली ओढला जातोय हे लक्षात येताच त्याने हुक सोडला. शिकवलेलं होतं तसंच केलं. मग तो घराच्या कोपऱ्यावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

"टू-वन, धिस इज टू-फोर. मॅन इन द वॉटर. आय से अगेन, मॅन इन द वॉटर."

"टू-फोर, होल्ड युवर पोझिशन. बोट टीम इज मूव्हिंग. स्टे ऑन द रेडिओ."

टू-वन म्हणजे आमचा लेफ्टनंट, टू-फोर आमचा ट्रक. तोवर लोपेझ पाण्यात उतरलीच होती, छातीपर्यंत. मी तिला जॅकेटला धरून मागे खेचलं. "गेट बॅक इन द ट्रक! दॅट्स अॅन ऑर्डर!" ती माझ्याकडे कशी बघत होती ते सांगता येणार नाही. पण चढली.

या प्रसंगाची पुढे रीतसर चौकशी झाली. कुणाची चूक निघाली नाही. मी स्वतः हजारदा सगळं तपासलं आहे, मलाही सापडली नाही. माझी लाज वेगळी आहे, ती आता येते.

बोटीने आजोबांना नेलं आणि ती ओवेनच्या मागावर खाली गेली. आम्हाला जागा सोडायची परवानगी नव्हती. लोपेझ मागे आजीबाईंपाशी होती. ती रडत होती आणि मध्येच उठून ओवेनच्या नावाने हाका मारत होती. पाण्याच्या घोंघावण्यातही तिचा आवाज केबिनमध्ये येत होता. मला ते ऐकवेना. मी काच वर केली. मग मी, रेडिओ आणि डॅशबोर्डवरचं पुडकं.

भूक लागली होती. माणूस पाण्यात होता, आणि मला भूक लागली होती. हात आपोआप गेला. एक तुकडा तोडला, मग दुसरा. आदल्याच दिवशी भाजलेला असावा, इतका मऊ होता. मनुका दाताखाली आल्या आणि मला देवळाली आठवली, आईची ओली सुरी आठवली, ताईचं भांडण आठवलं. मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं: मला बरं वाटलं. पाव छान लागला आणि मी अर्ध्याच्या वर खाल्ला.

तेवढ्यात रेडिओ वाजला.

"टू-फोर, टू-वन. वुई हॅव हिम. ओव्हर."

मी बटण दाबून विचारलं, त्याची कंडिशन काय आहे. पण तोंडात भलामोठा घास, टाळूला चिकटलेला. माझ्या तोंडून काहीतरी घोगरं, ओलं, तुटकं बाहेर पडलं.

"टू-फोर, से अगेन. यू आर ब्रोकन."

ब्रोकन म्हणजे आवाज तुटतोय. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग लेफ्टनंट अगदी हळू आवाजात म्हणाला, "टेक युवर टाइम, सार्जंट."

त्याला वाटलं, मी रडतोय.

घास गिळला तेव्हा त्याने सांगितलं, ओवेन गेला.

फ्युनरलला लेफ्टनंटने ओवेनच्या आईला माझ्या देखत सांगितलं, "सार्जंट केचा आवाज रेडिओवर फुटला, मॅडम. त्यांना बोलता येईना." तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी सांत्वनाचं ठरलेलं वाक्य बोललो, सलाम केला आणि जेवणाच्या आधी पळ काढला. हो, पळच. ती दर ख्रिसमसला कार्ड पाठवायची, या म्हणायची. मी गेलो नाही. मुदत संपल्यावर गार्डही सोडलं.

ती गोष्ट माझ्यामागे घरापर्यंत आली. लेफ्टनंटने माझ्या बायकोला, रश्मीला, सांगितली. तिने कौतुकाने आमच्या मराठी मंडळात सांगितली. मागच्या गणपतीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि माइकवर एक काकू म्हणाल्या, "सहकाऱ्यासाठी ज्यांचा कंठ दाटून आला असे आपले जवान." टाळ्या. मान खाली घालून उभा राहिलो, तर त्याचंही कौतुक. किती विनम्र म्हणे!

या वर्षी कार्ड ख्रिसमसच्या आधीच आलं. ओवेनची आई घर विकून इंग्लंडला बहिणीकडे कायमची निघाली होती.

"आता तरी जा," रश्मी म्हणाली. "किती वर्षं टाळतोयस? ती बाई तुझी वाट बघतेय."

"तुला माहीत नाही सगळं."

"मग मला सांग."

मी सांगितलं. रश्मी नागपूरची, तोंडावर बोलणारी. पण या वेळी बोल स्वतःलाच लावला. म्हणाली, "मी उगाच गावभर सांगत सुटले रे." आणि थोड्या वेळाने, "तिला सांगशील?"

"तिच्यापाशी तेवढंच आहे. तेही काढून घेऊ?"

तिने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी काढली तेव्हाही माझं काही ठरलं नव्हतं.

दोन तासांचा रस्ता. घरात खोकी भरलेली होती, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मिसेस डन बारीक झाल्या होत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ओतला आणि ताटलीत माल्ट ब्रेड आणून ठेवला. लोणी लावलेला.

"खा," त्या म्हणाल्या. "ओवेनला हा कधीच आवडला नाही. सहा वर्षांचा असताना खिशात लपवून कुत्र्याला घालायचा. मी तुझ्यासाठीच पाठवायचे. तुझ्या लहानपणच्या बेकरीबद्दल त्याने मला सगळं सांगितलं होतं."

मी चहाचा कप जवळ ओढला.

"लेफ्टनंटने ते सांगितलं ना, तुझा आवाज फुटला ते, त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली," त्या म्हणाल्या. "तो एकटा गेला नाही. तिथे त्याच्यासाठी कुणीतरी रडत होतं."

ठरवलं असतं तर मी गप्प बसू शकलो असतो. दयाळूपणा म्हणूनही खपलं असतं. पण समोर तो पाव होता, आणि तो खाऊन वर ते श्रेयही घ्यायचं? नाही झालं माझ्याच्याने.

"मिसेस डन, मी रडत नव्हतो. तुमचा पाव खात होतो. माझं तोंड भरलेलं होतं."

सगळं सांगितलं. काच वर केली तेही. त्या ऐकत होत्या, हात टेबलावर. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"म्हणजे कुणीच रडलं नाही," त्या म्हणाल्या.

"रडली. लोपेझ. आमची ड्रायव्हर. ती त्याच्या मागे पाण्यात उतरली होती, मी तिला मागे खेचलं. ती सारखी रडत होती. त्याला हाका मारत होती. तिचा आवाज नको म्हणूनच मी काच वर केली."

"नावाने हाका मारत होती?"

"हो. ओवेन, ओवेन म्हणून. बातमी येईपर्यंत."

"ती फ्युनरलला होती?"

"होती. मागच्या रांगेत."

"तिची माझी गाठ कुणी घालून दिली नाही," त्या म्हणाल्या. "मी तुझा हात धरून बसले होते."

त्या उठल्या. माझ्या पुढ्यातली ताटली उचलली. मी एकही तुकडा खाल्ला नव्हता. त्यांनी ते तुकडे उरलेल्या पावाबरोबर फॉइलमध्ये गुंडाळले, वर आपला नंबर लिहिला आणि पुडकं माझ्या हातात दिलं. "हे तिला दे. आजच. आणि तिला म्हणावं, मी शनिवारपर्यंत इथे आहे." दारापर्यंत आल्या, पण हात पुढे केला नाही. तेही बरोबरच होतं.

लोपेझ शाळेच्या बसडेपोत सापडली. दुपारची फेरी सुटायची होती, ती बसच्या पायरीवर बसली होती. मी तिच्यापुढे उभा राहून तिसऱ्यांदा तेच सांगितलं. बायको, मग ओवेनची आई, मग ही. सांगून सोपं होत नाही. तिने ऐकून घेतलं. "मला माहीत होतं, सार्जंट," ती म्हणाली. "नंतर केबिनमध्ये आले तेव्हा फॉइलमध्ये अर्धाही पाव उरला नव्हता."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? भूक लागते माणसाला."

तिने पुडकं उघडलं, एक तुकडा तोंडात घातला, चावला आणि तोंड वाकडं केलं. "अरे देवा. ओवेन खरं सांगत होता. हे कसं काय खाता तुम्ही?" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. फॉइलवरचा नंबर तिने लगेच फोनमध्ये घातला.

मग मनगटाने डोळे पुसत म्हणाली, "ड्रिलच्या आधी तो आईला मुद्दाम आठवण करून द्यायचा, माहितेय? पाव विसरू नकोस म्हणून. मी एकदा विचारलं, तुला तर आवडत नाही, मग कशाला हा खटाटोप? तर म्हणाला, सार्जंट के महिनाभर हसत नाही. तो पाव खाताना हसतो. मला ते बघायला आवडतं."

शाळा सुटायची वेळ झाली. लोपेझ बस घेऊन गेली. मी डेपोत उभा होतो.

स्पेशालिस्ट ओवेन डन. मी हसावं म्हणून तो एवढं करायचा. त्या दुपारी केबिनमध्ये, काच वर करून तो पाव खाताना मी हसलो होतो का, ते मला आठवत नाही. हसलो असणार.